बारा ते चार, घरात बरं



एप्रिल लागला की घराघरांत चर्चा सुरू होते. पन्हं करायचं की ताक, सब्जा भिजवायचा की पाण्यात वाळा टाकायचा, माठ नवा आणायचा की गेल्या वर्षीचाच चालेल? आजी कैऱ्या उकडायला घेते, बाबा कूलरच्या ताट्या बदलतात. छानच आहे हे सगळं. पण याच घरातल्या दहा वर्षांच्या मुलाचा दिवस बघा. सकाळी नऊला क्रिकेटचं शिबिर, ते सुटतं साडेअकराला. दीड वाजता पुढच्या इयत्तेच्या गणिताचा क्लास, सायकलवर जायचं. रविवारी साडेबाराच्या मुहूर्ताचं लग्न. उन्हावरचा उतारा आपण पेल्यात शोधतो आणि घड्याळाकडे कुणी बघतच नाही.

म्हणून आज मला तुमच्याशी मुख्यतः वेळेबद्दल बोलायचं आहे. बारा ते चार मुलाला उन्हात काढायचं नाही, हे आधी ठरवा. पन्ह्याचं त्यानंतर बघू.

मुलांना ऊन मोठ्यांपेक्षा लवकर बाधतं. आपल्या त्वचेचं तापमान साधारण 35 अंशांच्या आसपास असतं. बाहेरची हवा त्याहून गरम झाली की अंगातली उष्णता हवेत जायची थांबते, उलट बाहेरचीच आत शिरू लागते. मग घाम सुकून जेवढा गारवा मिळेल तेवढाच. मुलांना घाम कमी येतो. वजनाच्या मानाने त्यांच्या अंगाचा पृष्ठभाग जास्त, त्यामुळे बाहेरची उष्णता त्यांच्यात भराभर शिरते. धावताना-खेळताना त्यांचं अंग तापतंही लवकर. त्यात स्वभावाची भर. डाव रंगात आलेला असताना कोणतं मूल ‘मला गरगरतंय, मी बसतो’ म्हणेल? आपली बॅटिंग यायची असेल तर तहान लागल्याचंही ते सांगत नाही. म्हणून थांबवायचं काम मोठ्यांचंच.

आम्ही वैदर्भीय स्वतःला उन्हाला सरावलेले म्हणवतो. 23 मे 2013 ला नागपूरचा पारा 47.9 अंशांवर गेला होता. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला, वर्धा ही नावं तर दर मे महिन्यात बातम्यांत असतात. पण हा सराव म्हणजे नेमकं काय? मे महिन्यात वखरणीला निघणारा शेतकरी तांबडं फुटायच्या आत शिवारात असतो आणि ऊन चढायच्या आत बैल सोडतो. भर दुपारी बाजारात शुकशुकाट असतो. नाइलाजाने बाहेर पडणारा डोक्याला, कानाला दुपट्टा बांधल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही. विदर्भातल्या शाळाही उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात. म्हणजे इथल्या माणसाने दिवसाची मांडणीच उन्हाप्रमाणे बदलून घेतली. ती मांडणी आता क्लास आणि शिबिरांनी मोडली आहे.

मुंबई-कोकणातल्या पालकांना वाटेल, आपल्याकडे कुठे पंचेचाळीस होतं! इथेच फसगत होते. विदर्भाच्या कोरड्या हवेत घाम आल्या-आल्या सुकतो, गारवा देऊन जातो. मात्र किती पाणी गेलं ते कळत नाही. किनाऱ्यावरच्या दमट हवेत घाम सुकतच नाही, नुसता निथळतो, आणि निथळलेल्या घामाने अंग गार होत नाही. म्हणून हवामान खातं उष्णतेच्या लाटेचा विचार करताना सपाटीवर 40 अंशांपासून सुरुवात करतं, तर किनाऱ्यावर 37 पासूनच. 16 एप्रिल 2023 ला खारघरच्या मोकळ्या मैदानावर भर उन्हात झालेल्या सोहळ्यात उष्माघाताने दहाहून जास्त माणसं दगावली. त्या दिवशी त्या भागातला पारा 38 च्या आसपास होता.

सुट्टीत पुण्याहून, मुंबईहून किंवा परदेशातून आजोळी येणाऱ्या नातवंडांकडे तर जास्तच लक्ष हवं. नव्या उन्हाची सवय व्हायला शरीराला एक-दोन आठवडे लागतात. गावातली पोरं आमराईत हुंदडतात म्हणून काल रात्री ट्रॅव्हल्समधून उतरलेल्या नातवाने आज त्यांच्या मागे धावायचं नसतं. सुरुवातीचे दिवस त्याला फक्त सकाळ-संध्याकाळ बाहेर सोडा.

आता लग्नाबद्दल थोडं. मे महिन्यातली एखादी वरात आठवा. मुहूर्त साडेबाराचा, नवरदेव अजून पारावर. बँडपुढे सहा-सात वर्षांची पोरं नाचताहेत. अंगात जरीची शेरवानी, आतून अस्तर, कपडा असा की वारा आत शिरत नाही. गळ्याशी बटण घट्ट, कॉलर घामाने काळी पडलेली, पायाखाली तापलेलं डांबर. गाल लालबुंद झालेत आणि बायका कौतुकाने म्हणताहेत, ‘बघा कसा रंगात आलाय!’ हा लाल रंग नाचाचा नाही, उन्हाचा आहे. अशा वेळी शेरवानी पिशवीत ठेवा, पोराला सुती सदरा घाला आणि वरात कार्यालयाच्या दाराशी येईपर्यंत त्याला आत पंख्याखाली बसवा. फोटोपुरती शेरवानी नंतर घालता येते. नातेवाईक काय म्हणतील याची काळजी करू नका, त्यांनाही आतच बसायचं असतं.

पाण्याचंही वेळापत्रक लागतं. शिबिराहून आलेल्या मुलाची बाटली हातात घेऊन बघा. बहुतेकदा ती जशी दिली तशीच भरलेली परत येते. ‘पाणी पी हं’ या सांगण्याचा उपयोग नसतो. खेळताना दर वीस मिनिटांनी सगळ्यांचा खेळ थांबवून पाणी, असा नियम प्रशिक्षकाकडून करून घ्या. आठ-दहा वर्षांच्या मुलाला अर्धा ते एक पेला पुरतो. पुरेसं पाणी पोटात गेलं की नाही, हे लघवीच्या रंगावरून कळतं. ती फिकट असेल तर ठीक. गडद पिवळी असेल, मूल चार-पाच तास शू करायला गेलंच नसेल किंवा ‘उन्हाळी लागली’ म्हणून रडत असेल, तर पाणी कमी पडतंय.

ताक, पन्हं, लिंबू सरबत, कोकम ही आपली घरची पेयं उत्तमच. त्यांत चिमूटभर मीठ असू द्या. जुलाब-उलट्या होत असतील, तर मात्र ओआरएस हवं. पुडीवर लिहिलेलं असेल तेवढंच पाणी घ्या. एक लिटरची पुडी अर्धी-मुर्धी करून पेल्यात ढवळली तर मिठाचं प्रमाण बिघडतं, आणि ते लहान मुलाला घातक ठरू शकतं. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. केलेलं पाणी दुसऱ्या दिवशी वापरू नका. दुकानातल्या गोड, रंगीत खोक्यांना ओआरएस समजू नका. अशा पेयांच्या नावात हा शब्द वापरायला देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर 2025 मध्ये मनाई केली आहे. खिशात कांदा ठेवायची आपल्याकडची रीत असेल तर खुशाल ठेवा, पण त्याच्या भरवशावर पोराला उन्हात धाडू नका.

एवढं करूनही ऊन लागलंच तर? सुरुवातीच्या खुणा अशा: डोकं दुखणं, गरगरणं, मळमळ, पोटऱ्यांत गोळे येणं, अंग घामाने चिकट होणं, चिडचिड किंवा एकदम गळून जाणं. मुलाला लगेच सावलीत आणा. बूट-मोजे काढा, कपडे सैल करा, ओल्या कापडाने सगळं अंग पुसत वारा घाला, घोट-घोट पाणी किंवा ओआरएस द्या. अर्ध्या तासात तरतरी आली नाही किंवा उलट्या थांबत नसतील, तर डॉक्टरांकडे न्या. तरतरी आली तरी त्या दिवशी पुन्हा मैदान नाही.

मूल असंबद्ध बोलू लागलं, ओळखेनासं झालं, झटके आले किंवा शुद्ध हरपली आणि अंग भाजतंय असं तापलं, तर तो उष्माघात. घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही, असं समजू नका. खेळता-खेळता कोसळलेल्या मुलाला घाम असू शकतो. 108 ला फोन करा, पण गाडीची वाट बघत बसू नका. अंगावर थंड पाणी ओता, पंखा लावा, कापडात गुंडाळलेला बर्फ मानेशी, काखेत, जांघेत ठेवा. शुद्ध नसेल तर तोंडात पाण्याचा थेंबही घालायचा नाही; कुशीवर वळवा. तापाची गोळी इथे काम करत नाही, कारण हा आजारपणाचा ताप नव्हे.

उन्हाने नाकाचा घोळणा फुटला तर आपण मूल उताणं करतो नि डोक्यावर पाणी थापतो. तसं केलं की रक्त घशात उतरतं. मुलाला बसवा, मान थोडी पुढे झुकवा आणि नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं चिमटीत धरून ठेवा.

घरात तान्हं बाळ असेल, तर आजीशी जरा हळुवारपणे बोलावं लागेल. बाळंतिणीची खोली म्हणजे बंद खिडक्या, शेक-शेगडी, बाळाला कुंची, मोजे आणि वरून दुपट्यात घट्ट गुंडाळी, ही चाल थंडी-पावसातली. मे महिन्यात तेच बाळ आतल्या आत तापतं. खिडकी उघडा, सुती झबलं पुरे, पंख्याचा झोत थेट अंगावर येऊ देऊ नका. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला उन्हाळ्यातही वरचं पाणी लागत नाही, आईचं दूधच पुरतं. ते जास्त वेळा पाजावं. पाणी प्यायचंय ते आईने. आणि ‘दोन मिनिटांत येते’ म्हणून बंद मोटारीत मूल ठेवून कधीही उतरू नका. उन्हातल्या मोटारीतला पारा दहा मिनिटांत दहाएक अंशांनी चढू शकतो.

सगळ्यांच्या घरी एसी नसतो, हे मला ठाऊक आहे. कूलर लावणाऱ्यांनी समोरची खिडकी उघडी ठेवावी, नाहीतर खोलीत नुसता दमटपणा साचतो. आणि पाणी भरण्यापूर्वी प्लग काढावा, कारण लोखंडी कूलरचा शॉक जिवावर बेतू शकतो. पत्र्याचं घर असेल तर छपरावर गोणपाट ओलं करून टाका, तुऱ्हाट्या किंवा पाचट पसरा. चूल किंवा शेगडी पेटवायचं काम दुपारपूर्वी उरका. भर दुपारी घर राहण्याजोगं नसेलच, तर मुलांना घेऊन देवळाच्या सभामंडपात किंवा एखाद्या दाट झाडाखाली जा. मे 2010 च्या लाटेत अहमदाबादेत नेहमीपेक्षा हजाराहून जास्त माणसं दगावली. त्यानंतर 2013 मध्ये तिथल्या महापालिकेने उष्णतेचा आराखडा केला. रंगांनुसार इशारे, दवाखान्यांची तयारी, दुपारी बागा उघड्या ठेवणं, अशी साधी कामं त्यात होती. आपल्या गावात दुपारी बागेला कुलूप असेल, तर नगरसेवकाकडे ते उघडायची मागणी करा. त्यासाठी पैसेही लागत नाहीत.

मुलांना सुट्टीभर मोबाइल देऊन घरात कोंडा, असं मात्र मी म्हणत नाही. उन्हाळ्यातली पहाट सुंदर असते. सहा ते साडेआठ मैदान, संध्याकाळी साडेपाचनंतर पुन्हा मैदान. मधल्या वेळात जेवण, झोप, पत्ते, कॅरम, गोष्टीची पुस्तकं. पापड लाटायला, शेवया वाळत घालायला हातभार. सुट्टी अशीच असायची की आपली!

तेव्हा या आठवड्यात दोन फोन करा. शिबिराच्या सरांना सांगा, ‘सहाला सुरू करा, साडेआठला सोडा.’ क्लासच्या बाईंना सांगा, ‘दीडऐवजी सकाळी सातला किंवा संध्याकाळी सहाला घ्या.’ एकटे सांगाल तर ‘बघू’ म्हणतील. सोबत आणखी चार-पाच पालक घ्या, वेळ नक्की बदलेल.