थकलेले बिल आणि ईमेलची भाषा

आमच्या कारागीर बांधवांचा माल चोख असतो, पण बिल थकले की लिहिण्यात गडबड होते. एक तर ‘साहेब, मेहरबानी करून गरिबाकडे पाहा’ अशी अर्जाची भाषा. नाही तर तीन महिने गप्प बसून एका रात्री रागाच्या भरात धाडलेली धमकी. पहिली ईमेल कंपनीचा हिशेबनीस बाजूला ठेवतो, दुसरी वरिष्ठांना दाखवतो. मागणी आपल्याच मालाच्या पैशांची आहे, खैरातीची नव्हे. तेव्हा तारीख आणि रक्कम यांनाच बोलू द्यावे, असे आम्हांला वाटते.

समजा, धारावीतल्या कारखानदाराने 26 एप्रिलला 120 चामडी बॅगा पोहोचवल्या. लेखी मुदत 45 दिवसांची. 10 जूनला ती संपली. 11 जूनच्या ईमेलचा विषय ‘नम्र विनंती’ नको, ‘बिल क्र. 212, रु. 84,000, देय तारीख 10 जून’ असा हवा. मजकूर एवढाच: ‘26 एप्रिलला माल आपल्याकडे पोहोचला, पोच जोडली आहे. 10 जूनपर्यंतची रक्कम जमा झालेली नाही. कृपया 18 जूनपर्यंत जमा करावी व तसे कळवावे.’ ‘कृपया’ एकदाच पुरे. ‘तुम्ही नेहमीच असे करता’ हे वाक्य खोडावे. त्यावर वाद घालता येतो, तारखेवर येत नाही.

18 जूनही उलटला, तर दुसऱ्या ईमेलमध्ये कायदा यावा. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा, 2006 च्या कलम 15 प्रमाणे सूक्ष्म व लघु उद्योगाला माल स्वीकारल्यापासून 45 दिवसांत पैसे मिळायला हवेत, करारात काहीही लिहिलेले असो. उशीर झाल्यास कलम 16 बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लावते. ज्यांना व्याज घ्यायचे नाही त्यांनी फक्त मुद्दल मागावे. कलम 15 चा उल्लेख तेवढ्यासाठी पुरतो. उद्यम नोंदणी क्रमांक सहीखाली द्यावा. मात्र नुसती खरेदी-विक्री करणाऱ्यांनी या कलमाने कोणाला दटावू नये. 2021 साली त्यांना उद्यम नोंदणी खुली झाली ती केवळ बँकांच्या अग्रक्रम कर्जासाठी.

‘सुविधा परिषदेकडे अर्ज करू’ हे खरेच करणार असाल तरच लिहावे. आणि फोनवर वायदा मिळाला तर त्याच दिवशी दोन ओळी धाडाव्यात: ‘आज ठरल्याप्रमाणे रक्कम 25 जूनला मिळेल.’ पुढे परिषदेसमोर तोंडी वायदा दाखवता येत नाही, ही ईमेल दाखवता येते.