एक, पाच, नऊ, शून्य

बाळ, व्हॉइसमेल बटणं ओळखत नाही अशी तक्रार आली की सगळे आधी त्या डब्याला नावं ठेवतात. तू ठेवू नकोस. डबा बहुतेक वेळा धड असतो, सूरच त्याच्यापर्यंत नीट पोचत नाही. तो वाटेत कुठे बिघडतो, ते शोधायचं.

सगळी बटणं बडवत बसायचं कारण नाही. एका बटणातून दोन सूर निघतात, आडव्या ओळीचा खालचा आणि उभ्या रांगेचा वरचा. 1 ला 697 आणि 1209 हर्ट्झ, 5 ला 770 आणि 1336, 9 ला 852 आणि 1477, 0 ला 941 आणि 1336. या चार बटणांत सगळ्या ओळी-रांगा तपासून होतात. 9 अडला तर 3 आणि 6 दाबून बघ. तेही अडले तर वरचा सूर मार खातोय. आधी दुसरं इन्स्ट्रुमेंट लाव. तरीही तेच असेल तर केबल धर. लांबच्या तारेत उंच सूर जास्त क्षीण होतो आणि दोन सुरांच्या जोरात फार तफावत पडली की डबा आकडा नाकारतो. जोड उघडून बघ, आपल्याकडे मे महिन्यात त्यात धूळ बसते आणि पहिल्या पावसात ओल धरते.

आता खरी युक्ती. बाहेरून कुणाला तरी डब्यात निरोप ठेवायला सांग आणि बोलता बोलता तीच चार बटणं सावकाश दाबू दे. हॅश नको, बहुतेक डब्यांत निरोप तिथेच संपतो. मग तो निरोप लावून ऐक. डब्याने जे ऐकलं तेच तुझ्या कानात येतं. सूर फाटलेला असेल तर कुणीतरी गेन वाढवून ठेवलाय. बटण लागत नाही म्हणून आवाज वाढवणारे मला कधी आवडले नाहीत. सूर मधेच तुटत असेल तर 1 चे 11 होतात आणि बिचाऱ्या माणसाला आपलाच पासवर्ड चुकला असं वाटतं. सूर मुळातच ऐकू येत नसेल तर लाइन आयपीची असणार. तिथे आकडा आवाजातून न जाता वेगळ्या पाकिटातून जातो, दोन्ही टोकांची सेटिंग जुळलेली हवी. आवाजातूनच पाठवायचा असेल तर कोडेक जी 711 ठेव, जी 729 मध्ये आवाज दाबला जातो आणि सूर चुरगळतो.

गुणगुण ऐकू आली तर तारेचा रस्ता बघून ये. ही गोष्ट रेल्वेतल्या माणसाला सांगायला नको. रुळाला समांतर तांब्याची केबल असेल तर 25,000 व्होल्टची ओव्हरहेड तार तिच्यात गुणगुण सोडतेच. केबलचं कवच जमिनीला नीट जोडलंय का, ते बघ.

स्वागताचा आवाज चालू असताना बटण लागत नाही, पण तो संपल्यावर लागतं, असं कुणी म्हणालं तर तो आवाजच लाइनीवरून उलटा येऊन सुराला झाकतोय. हळू आवाजात, मधे जरा थांबत, स्वागत पुन्हा रेकॉर्ड करून घे. मोबाइलवाल्याला गोंगाटापासून लांब जायला सांगू नकोस. त्याचा आकडा माइकमधून जात नाही, नेटवर्कला नुसता कळवला जातो.

आणि हे खरं तर सगळ्यात आधी बघायचं, मी शेवटी सांगतोय. साहेबांच्या टेबलावरचा जुना फोन उलटा कर. पी-टीचं, म्हणजे पल्स-टोनचं, बारीक बटण असेल. पीवर असलं तरी नंबर लागतो, म्हणून कुणाला शंका येत नाही. पण डब्याला नुसती टकटक ऐकू येते. टीवर कर आणि वर चिकटपट्टी लाव, पुसताना ते पुन्हा सरकतं.