घडीचा चाकू विकायचाय? आधी त्याचा खिळा बघा



गावातल्या शेती-साहित्याच्या दुकानाचा व्हिडिओ तुम्ही पाहिलाच असेल. त्यात पहिल्या खरेदीची यादी केली, तेव्हा "घडीचा चाकू" ही ओळ आपण अर्ध्या मिनिटात उरकली. नंतर होटगी स्टेशनजवळ दुकान टाकायच्या तयारीत असलेल्या एका मित्राने विचारलं, "सर, घाऊकवाला 38 रुपयांना नग देतोय, 60 ला आरामात जाईल. शंभर घेऊन टाकू का?"

माझं उत्तर होतं, आधी तीन नग घ्या आणि पंधरा दिवस त्यांचा जीव काढा. का, ते या लेखात नीट सांगतो. व्हिडिओत एवढं सांगता येत नाही.

पहिली गोष्ट, हा चाकू होटगीत कोण वापरणार? होटगी जंक्शन आहे, विजयपूर-गदगची लाईन इथूनच फुटते. गाडीवर काकडी-पेरू विकणारे आले. आसपास ज्वारी, ऊस, कांदा, डाळिंब, म्हणजे ठिबकची नळी कापणारा आला, कडब्याच्या पेंढ्यांची सुतळी तोडणारा आला, सोलापूरच्या सिद्धेश्वर मार्केट यार्डात कांद्याच्या गोण्या नेणारा आला. सिमेंटचा कारखाना आहे, तिकडे फताटेवाडीला एनटीपीसीचा 1320 मेगावॅटचा वीज प्रकल्प आहे. म्हणजे वायरमन, फिटर, ट्रकचे ड्रायव्हर. यातला एकही माणूस सफरचंद सोलायला चाकू घेत नाही. खोक्यावरच्या चित्रात मात्र सफरचंदच असतं!

आता हा माणूस चाकूचं काय करतो बघा. बारदानाची शिवण उसवतो. बारदानात मातीचे कण असतात. खोका कापतो. पुठ्ठा मऊ वाटतो, पण त्याच्यातले खनिजाचे बारीक कण धार खातात. सिमेंटची गोणी तर सरळ सरळ पॉलिश पेपरच. मग त्याच चाकूने रंगाच्या डब्याचं झाकण उचकटतो, स्क्रू फिरवतो, बुटाचा चिखल काढतो. दुपारी कांदा चिरतो, पॅन्टला पुसतो, मिटवतो, खिशात टाकतो. याला म्हणायचं रोजचा रगडा.

या रगड्यात चाकू कुठे मरतो? बहुतेक लोक म्हणतील, धार जाते. धार जाते, खरंय. पण धार गेलेला चाकू मेलेला नसतो. दगडावर दहा मिनिटं घासला की परत उभा राहतो. घडीचा चाकू मरतो तो खिळ्यात. म्हणजे पातं आणि मूठ जिथे जोडलंय त्या सांध्यात. साधा बांधीव चाकू, ज्याचं पोलाद मुठीच्या आत शेवटपर्यंत गेलेलं असतं, त्याला ही दुखणी नसतात. घडीची सोय हवी असेल तर सांध्याचा कच्चेपणा सोबत येतोच. चांगल्या कंपनीचं काम एवढंच की तो कच्चेपणा कमीत कमी ठेवायचा.

सांध्यात काय होतं ते समजून घ्या, कारण गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं की तुम्हाला हे बोलता आलं पाहिजे. आत काळ्या मातीची धूळ जाते, वरून फळाचा रस जातो, दोन्हीची खळ होते. दर वेळी उघड-मिट केली की ती खळ खिळ्याला आणि त्याच्या भोकाला घासते. भोक मोठं होतं. पातं डावं-उजवं हलायला लागतं. पातं हललं की लॉक बरोबर जागेवर बसत नाही. आणि लॉक नीट बसलं नाही की एक दिवस पातं बोटांवर मिटतं.

इथे जरा गणित करू. समजा पातं 80 मिलीमीटरचं आहे आणि लॉकचा टेकू खिळ्यापासून 8 मिलीमीटरवर आहे. पातं गोणीत अडकलं, गड्याने हिसका दिला आणि टोकाजवळ पाठीवर 5 किलोचा दाब आला. लॉकवर किती आला? दहापट, 50 किलो. आपली नेहमीची तरफ आहे ही, पहारीने दगड उचलतो तीच. फक्त इथे दगडाच्या जागी पातळ पत्र्याचं लॉक आहे. म्हणून 38 रुपयांच्या चाकूत त्या पत्र्याची जाडी किती, हा प्रश्न गिऱ्हाइकाच्या बोटाचा आहे.

लॉकचे प्रकार दुकानदाराला माहीत हवेत, फार खोलात नको. काही चाकूंना लॉकच नसतं, पाठीत नुसती स्प्रिंग असते. पातं तिच्या जोरावर उघडं राहतं. स्विस आर्मी चाकूचे नेहमीचे खिशातले नमुने असेच आहेत. वाईट नाहीत, पण टोचायच्या कामाला नाहीत. दुसरा प्रकार मुठीच्या आतली पट्टी सरकून पात्याच्या मागे टेकते तो. स्वस्त मालात हाच जास्त येतो आणि फसतोही हाच, कारण पट्टी पातळ असते. तिसरा, पाठीमागे दाबायची दांडी असलेला. जड, पण टिकाऊ. आणि चौथा मला सर्वात पटतो तो कड्याचा. फ्रान्समधल्या ओपिनेल नावाच्या घराण्याने 1890 मध्ये शेतकऱ्यांसाठी लाकडी मुठीचा साधा चाकू काढला, आणि 1955 मध्ये त्याला फिरवायचं धातूचं कडं बसवलं. कडं फिरवलं की पातं अडकलं, संपला विषय. खेड्यातल्या माणसाला बघताक्षणी कळतं. फक्त लाकूड भिजलं की फुगतं आणि पातं उघडायला जड जातं, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगायचं.

पात्याबद्दल थोडक्यात. पोलाद दोन जातींचं, गंजणारं आणि सहसा न गंजणारं. साधं कार्बन पोलाद धार छान घेतं, दगडावर पटकन लागतं, पण ओलं ठेवलं की तांबूस होतं. आपल्याकडे एक खास गंमत आहे. डाळिंबाच्या सालीत टॅनिन असतं, ते लोखंडाला लागलं की काळं-निळं होतं. याच गुणावर कापड काळं रंगवायची जुनी पद्धत आहे. डाळिंबवाल्याचा नवा चाकू पहिल्याच दिवशी काळा पडला की तो "डुप्लिकेट माल दिला" म्हणत तुमच्या दारात उभा राहणार. तेव्हा घाबरू नका, तो गंज नाही. पण हे विकतानाच सांगितलं तर माहिती वाटते, नंतर सांगितलं तर बहाणा वाटतो. स्टेनलेसमध्ये क्रोमियम साडेदहा टक्क्यांच्या वर असतं, त्यामुळे ही कटकट कमी. फळवाल्याला स्टेनलेस द्या.

पातं जितकं कडक तितकं चांगलं, असं मात्र नाही. फार कडक केलं तर खिळ्यावर-तारेवर पडताच धारेचे तुकडे उडतात. रॉकवेल नावाच्या मोजपट्टीवर स्विस चाकूचं पातं साधारण 56 ला असतं. मधलंच म्हणायचं. रोज वापरणाऱ्याला मधलं पोलाद परवडतं, कारण ते घरच्या दगडावर लागतं. आणखी एक. सायकलवरचा धारवाला कोरड्या चाकावर पातं दाबून धरतो आणि धारेवर निळसर रंग येतो, बघितलंय ना? साध्या पोलादावर तो निळा रंग म्हणजे पातं तीनशे अंशांच्या आसपास तापलं आणि त्याचं पाणी उतरलं. पुढे ती धार टिकत नाही. दर दोन-तीन सेकंदांनी पाण्यात बुडवून लावली तर काही होत नाही.

आता परीक्षा. तीन वेगवेगळ्या किमतींचे तीन नग विकत घ्या. फुकटचा नमुना नको, नमुना निवडून दिलेला असतो. वहीत तीन रकाने पाडा.

घरी पहिल्या दिवशी: पातं उघडा, मूठ एका हातात, पात्याची पाठ दुसऱ्या हातात, वर-खाली आणि डावं-उजवं हलवून बघा. नवीन असतानाच हलत असेल तर तो नग तिथेच बाद. उघड-मिट दोनशे वेळा करा, परत हलवून बघा. लॉक लावून पात्याची पाठ लाकडावर हलकेच आपटा. मूठ अशी धरा की पातं मिटलंच तर तुमची बोटं त्याच्या वाटेत नसतील. हे मुलांना करायला देऊ नका. जुन्या बारदानाचे पन्नास काप घ्या, मग वर्तमानपत्राचा कागद कापून बघा, चिरतोय का फाटतोय. लिंबाचा रस लावून अर्धा तास ठेवा. सांध्याला स्क्रू आहे का ठोकलेला रिव्हेट, हेही लिहा. स्क्रू सैल झाला तर आवळता येतो. रिव्हेट सैल झाला की गिऱ्हाईक दगडाने ठोकतो आणि मग तो उघडतच नाही.

पण घरची परीक्षा निम्मीच. उरलेली निम्मी खऱ्या माणसाकडे. एक चाकू ठिबकवाल्याला द्या, एक गोण्या उतरवणाऱ्या हमालाला, एक फळाच्या गाडीवर. "पंधरा दिवस वापरा, जपू नका" एवढंच सांगा. परत आल्यावर टोक बघा, सांधा बघा, आणि तो माणूस चाकू परत द्यायला कुरकुर करतोय का तेही बघा. माझ्या मते ही शेवटची खूण सगळ्यात खरी.

आता पैशाचं बोलू. खालचे आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमचे आकडे तुमच्या वहीतून घ्या. 38 ला घेऊन 60 ला विकला, शंभर नगांवर 2200 सुटले. समजा बारा परत आले आणि बदलून द्यावे लागले, 456 गेले, राहिले 1744. दुसरीकडे 260 चा चाकू 350 ला, वीस नग, 1800 सुटले. एक परत आला, राहिले 1540. भांडवल पहिल्यात 3800, दुसऱ्यात 5200. म्हणजे कागदावर स्वस्त चाकूच जिंकतो की! शिवाय तो दोन महिन्यांत मोडला तर गिऱ्हाईक परत घेणार, असंही कोणी तुम्हाला शिकवेल.

शहरातल्या फुटपाथवर कदाचित घेईल. होटगीत नाही घेणार. सोलापूर तिथून जेमतेम पंधरा किलोमीटर, माणूस आठवड्यातून दोनदा तिकडे जातोच. मोडलेला चाकू खिशात घेऊन तो दुसरा मधल्या मारुतीजवळून घेईल, आणि येताना पाईपचे जोड, फवारणीचा नोझल, बारदानाची सुतळीही तिकडूनच आणेल. चाकूचे 22 रुपये मिळाले आणि महिन्याचं गिऱ्हाईक गेलं. तुमच्यापेक्षा सोलापूरचा बाजार मोठा आणि स्वस्त राहणारच. तुम्ही त्याला मात देऊ शकता ती एकाच ठिकाणी: सांधा सैल झाला तर इथेच आवळून मिळतो, धार इथेच लागते. काउंटरखाली एक दुहेरी दगड, तेलाची कुपी, छोटे स्क्रूड्रायव्हर. तुमच्याकडून घेतलेल्या चाकूला पहिली धार फुकट, पुढे वीस रुपये. माणूस धारेसाठी दहा मिनिटं थांबतो, आणि थांबलेला माणूस काहीतरी घेतोच.

म्हणून माझा सल्ला शंभर नगांचा नाही. पहिल्या फेरीत परीक्षेत टिकलेल्या मधल्या किमतीचे दहा, स्वस्तातले पंधरा-वीस (खिशात साठच रुपये असलेला माणूसही आपलाच), आणि बारीक टोकाचे अगदी थोडे. ऊस तोडायला, हाड फोडायला कोणी घडीचा चाकू मागितला तर देऊ नका. कोयता दाखवा.

कायद्याचं दोन मिनिटांत सांगतो. शस्त्र नियम 2016 मध्ये 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारं परवान्याच्या यादीत येतात. घरगुती आणि शेतीकामाची त्यातून वगळलेली आहेत. आपला खिशातला चाकू या मापाच्या खूप आत. पण रामपुरीछाप बटणाचे चाकू ठेवू नका. सिनेमाने त्यांना असं नाव दिलंय की शेतकरी ते घेणार नाही आणि जो घेईल तो तुम्हाला नको. सणावाराला पोलिसांचे जमावबंदीचे, शस्त्रबंदीचे आदेश निघतात, तेव्हा चाकू खिशात घेऊन मिरवू नये हे गिऱ्हाइकालाही सांगा. होटगी रोडच्या विमानतळावर जाणाऱ्यालाही, हातातल्या बॅगेत चाकू चालत नाही.

यापेक्षा महत्त्वाचा आहे ग्राहक संरक्षण कायदा 2019. सदोष मालाने इजा झाली आणि माल कोणी बनवला याचा पत्ताच लागत नसेल, तर जबाबदारी विकणाऱ्यावर येऊ शकते. बिननावाच्या पिशवीतला चाकू, लॉक सुटलं, बोट कापलं, कंपनी कोणती माहीत नाही, म्हणजे उरलात तुम्ही. म्हणून खोक्यावर बनवणाऱ्याचं किंवा आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता आणि एमआरपी छापलेली असेल तोच माल उचला, आणि घाऊकवाल्याकडून पक्कं बिल घ्या. तो म्हणेल, "बिल लावलं तर रेट बदलतो." बदलू दे.

पुढच्या व्हिडिओत विळा आणि कोयत्याचा माल कसा निवडायचा ते बघू. तोपर्यंत तीन चाकू आणा, वहीचे रकाने पाडा, आणि पंधराव्या दिवशी पातं हलवून काय दिसलं ते लिहून ठेवा.