फिरत्या पात्यांखाली बसण्याआधी

चंद्रपूर

चि. भाच्यास,

तुझा जायरोकॉप्टरचा आराखडा नीट पाहिला. ॲल्युमिनियमच्या चौकोनी नळ्यांचा सांगाडा, पाठीमागे इंजिन, डोक्यावर दोन पात्यांचा पंखा, आणि हे सगळे वडशाच्या वर्कशॉपमध्ये उभे करायचे. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो, तेव्हा औषधे घेऊन उडायचे, हेही वाचले. हेतू चांगला आहे. म्हणूनच जे सांगायचे ते स्पष्ट सांगतो.

आधी फुलसावंगीची गोष्ट. यवतमाळ जिल्ह्यात, महागाव तालुक्यातले हे गाव. तिथल्या एका तरुणाची शाळा लवकर सुटली होती, पण वेल्डिंगमध्ये हात बसलेला. व्हिडिओ पाहत पाहत त्याने मारुती 800 चे इंजिन लावून एका माणसापुरते हेलिकॉप्टर उभे केले. ऑगस्ट 2021 मध्ये जमिनीवरच चाचणी सुरू असताना शेपटीकडचा पंखा तुटला आणि मोठ्या पंख्यावर आदळला. मोठ्या पंख्याचा घाव त्याच्या डोक्यावर बसला आणि त्यातच तो गेला. त्याच्या कमी शिक्षणाकडे बोट दाखवणारे पुष्कळ भेटतील, त्यांचे ऐकू नकोस. तसे यंत्र उभे करायला बुद्धी लागते आणि ती त्याच्याकडे भरपूर होती. घडले त्यातून घ्यायचे ते वेगळेच आहे. घरी घडवलेले पाते किती ताण सोसते हे चाचणीआधी मोजलेले असावे, आणि ते पहिल्यांदा पूर्ण वेगाने फिरेल तेव्हा यंत्र जखडलेले व माणूस लांब असावा.

तू म्हणशील, जायरोकॉप्टरला शेपटीचा पंखा नसतोच. बरोबर आहे. हेलिकॉप्टरचे इंजिन वरचा पंखा फिरवते, त्याच्या उलट झटक्याने सांगाडा गरगरू नये म्हणून शेपटीला दुसरा पंखा लागतो. जायरोकॉप्टरचे इंजिन मागच्या पंख्याने यंत्राला फक्त पुढे ढकलते, वरची पाती खालून येणाऱ्या वाऱ्यावर आपोआप फिरत राहतात. स्पेनच्या हुआन द ला सिएर्वाने 1923 साली असे यंत्र यशस्वीपणे उडवले. पुढे जाणाऱ्या पात्याला वारा जास्त मिळतो, मागे येणाऱ्याला कमी, त्यामुळे त्याची आधीची यंत्रे एका अंगाला कलंडत. त्याने पाती बिजागरीवर बसवून त्यांना वरखाली हलायची मोकळीक दिली आणि गाठ सुटली. इंजिन बंद पडले तरी ही पाती फिरत राहतात, हा या यंत्राचा खरा गुण. अमेरिकेत इगोर बेन्सनने 1950 च्या दशकात घरी बनवता येतील असे नकाशे विकायला काढले, आणि आज तुझ्या टेबलावर आहे ते त्याच घराण्यातले.

त्या घराण्याचा दुःखाचा इतिहासही तुला ठाऊक हवा. गुरूशिवाय उडू पाहणारे कित्येक हौशी त्यात मेले, आणि बरेचसे एकाच प्रकारे. पात्यांवर यंत्राचे वजन आहे तोवरच ती नीट फिरतात. झुळुकीने नाक वर गेले आणि वैमानिकाने घाबरून हातातला दांडा झटक्यात पुढे ढकलला, की पात्यांवरचा भार हलका होतो. त्याच वेळी मागच्या पंख्याची ढकल यंत्राच्या गुरुत्वमध्याच्या वरून जात असेल, तर ती नाक आणखी खाली दाबते. यंत्र पुढच्या बाजूला कोलांटी खाते. सावरायला वेळ उरत नाही. विमान शिकलेल्या माणसाला इथे धोका जास्त, कारण नाक वर गेले की दांडा पुढे, ही सवय त्याच्या हातात मुरलेली असते.

ब्रिटनच्या नागरी उड्डाण प्राधिकरणासाठी ग्लासगो विद्यापीठाने यावर संशोधन केले. मागच्या पंख्याची रेषा गुरुत्वमध्यापासून वर किंवा खाली 2 इंचांच्या आत असावी, असा त्याचा निष्कर्ष होता. तुझ्या आराखड्यात मागे मोठा पंखा बसावा म्हणून इंजिन वर चढवले आहेस, आणि बसायची जागा मात्र अगदी खाली. मला सर्वांत जास्त काळजी या दोन्हींमधल्या अंतराची वाटते.

पाती स्वतः बनवू नकोस. 7 मीटर व्यासाचा पंखा मिनिटाला 350 फेरे घेतो तेव्हा पात्याचे टोक ताशी सुमारे 460 किलोमीटरने धावते. पाते 10 किलोचे धरले तर ते मुळाशी दोन टनांहून अधिक ताकदीने बाहेर ओढत असते, आणि ही सगळी ओढ मोजक्या बोल्टांवर येते. तिथे हार्डवेअरच्या दुकानातला बोल्ट चालणार नाही. प्रमाणित पाती, प्रमाणित बोल्ट विकत आण. पैसे कमी पडले तर काम थांबव.

आता आपल्या मुलखाचे. मे महिन्यात चंद्रपूर 45 अंशांवर जाते तेव्हा इथली हवा सुमारे 1300 मीटर उंचीवरच्या हवेइतकी विरळ होते. इंजिन दमते, धाव लांबते. दुपारच्या वावटळी वेगळ्याच. औष्णिक वीजकेंद्राभोवती तारांचे जाळे आहे, पडघ्यापर्यंत जाणारी 752 किलोमीटरची उच्चदाब वाहिनी इथूनच निघते, आणि खालून उडणाऱ्याला तारा अगदी शेवटी दिसतात. पूर्वेला वैनगंगेपलीकडे जंगल लागले की इंजिन बंद पडल्यावर उतरायचे कुठे? जायरोकॉप्टरला उतरायला जागा थोडी लागते, पण सागाच्या शेंड्यांवर तेवढीही नाही. त्यातून गडचिरोलीच्या आकाशात अनोळखी यंत्र दिसले तर पोलीस काय समजतील, याचा विचार तूच कर.

कागदांचा कंटाळा करू नकोस. कॅप्टन अमोल यादव स्वतः व्यावसायिक वैमानिक. कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान बांधले आणि 2016 च्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात मांडले. नोंदणी मिळाली नोव्हेंबर 2017 मध्ये, उड्डाणाची परवानगी ऑक्टोबर 2019 मध्ये, आणि त्यानंतरच धुळ्याच्या धावपट्टीवर चाचण्या झाल्या. त्यांना इतकी वर्षे तिष्ठावे लागले हे मला मुळीच पटत नाही, घरी यंत्र घडवणाऱ्यासाठी आपली व्यवस्था सोपी व्हायलाच हवी. पण परवानगी हाती येईपर्यंत त्यांनी वाट पाहिली. तूही वैनगंगेच्या वाळूवरून पहाटे गुपचूप उडायचा बेत सोडून दे.

भामरागडच्या औषधांबद्दल. पूर येतो तेव्हा पाऊस असतो, ढग खाली आलेले असतात. हे उघडे यंत्र डोळ्यांना दिसेल तेवढ्यातच उडवायचे असते, आणि वेगाने फिरणाऱ्या पात्यांची धार पाऊस झिजवतो. ज्या दिवशी गरज, त्याच दिवशी ते जमिनीवर राहील. त्या कामाला हेलिकॉप्टर किंवा माल नेणारा ड्रोन हवा. ड्रोनसाठी 2021 चे नियम आहेत, आणि तुझ्या हातातली कला तिथे लवकर उपयोगी पडेल. जायरोकॉप्टर बनवायचेच तर उडण्याच्या आनंदासाठी बनव. तेवढे कारण पुरेसे आहे.

डिसेंबर 2023 मध्ये हरिद्वारला जायरोकॉप्टरच्या चाचण्या झाल्या. तसे दोन आसनी यंत्र जिथे उडते तिथे जा, शिक्षकाशेजारी बस, हाताला दांडा कळू दे. शिकवणीच्या खर्चातला अर्धा वाटा माझा, ताईला आधीच सांगून ठेवले आहे. तोवर सांगाडा वरच्या पंख्याच्या मुळाशी टांगून, आत तुझ्या वजनाइतकी वाळूची पोती ठेवून गुरुत्वमध्य काढ. इंजिनाची रेषा त्याच्यापासून किती इंच वर येते ते मोजून आकडा मला कळव. वेल्डिंग त्यानंतर.

तुझा
मामा