शेवटच्या बाकापर्यंत शिक्षक

शिक्षक फळ्याजवळच उभा राहिला, तर त्याचे अध्यापन किती मुलांपर्यंत पोहोचते? रेमंड अ‍ॅडम्स व ब्रूस बिडल या संशोधकांनी वर्गांच्या चित्रफिती अभ्यासून १९७० मध्ये आपले निष्कर्ष मांडले. प्रश्नोत्तरे मुख्यतः पुढच्या व मधल्या ओळींतील मुलांशीच होतात, असे त्यांना आढळले. कडेची व मागची मुले केवळ श्रोते उरतात.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार साठपर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेस दोन शिक्षक असावे लागतात. साहजिकच एका शिक्षकाकडे अनेकदा दोन किंवा अधिक इयत्ता येतात. एका इयत्तेचा पाठ चालू असता दुसरी गणिते सोडवीत असते. अशा वेळी शिक्षकाची फेरी मोलाची ठरते. हातच्याची चूक वही पाहिल्यावाचून कळत नाही; ती वेळीच सुधारली नाही, तर पुढे गुणाकारही अडतो.

फेरी म्हणजे पहारा नव्हे. मुलाशेजारी वाकून हलक्या आवाजात चूक दाखवावी. बाकांमधून वाट ठेवावी, मुलांच्या जागा आलटून पालटून बदलाव्यात. यास खर्च येत नाही. शाळेस भेट देणारे अधिकारी व पंचायत सदस्य यांनीही शेवटच्या बाकावरील वही प्रथम पाहावी.