फुलं चुण्यांत हरवतात

दुकानात टेबलावर पसरलेलं कापड आणि खिडकीवर लटकणारं कापड यांत बरंच अंतर असतं. पुण्यात बाणेरला नवा फ्लॅट घेतलेल्या एका जोडप्याला ते शिंप्याचे पैसे चुकते केल्यावर कळलं. करड्या भिंती, पांढरा सोफा, नक्षी कुठेच नाही; म्हणून हॉलच्या बारा फुटी फ्रेंच विंडोसाठी त्यांनी ताटाएवढ्या फुलांचं सुती कापड निवडलं. पडदे लागले आणि फुलं गायब! अर्धी पाकळी या चुणीत, अर्धी त्या.

कापड वाईट नव्हतं. पडद्याला झोल हवा तर रुंदीच्या दुप्पट ते अडीचपट कापड लागतं आणि त्यातलं बरंचसं चुण्यांच्या आत जातं. माइया इसोलाने १९६४ मध्ये मारिमेक्को या फिनिश कंपनीसाठी काढलेली ‘उनिक्को’ची भलीमोठी फुलं सपाट कापडावर जी ऐट दाखवतात, ती दाट चुण्यांत उरणार नाही. उलट इंग्रज डिझायनर विल्यम मॉरिसचं १८७८ मधलं ‘बर्ड’ हे विणीचं कापड बघा. लंडनमधल्या आपल्या दिवाणखान्याच्या भिंतींवर त्याने ते टांगलं होतं. त्यात पक्ष्यांच्या जोड्या पुन्हा पुन्हा येतात. एक घडीत गेली तरी शेजारची दिसते.

खरा फटका हिशेबात बसला. पन्हा ४८ इंची, म्हणून सहा पट्टे. दुमडपट्टी धरून प्रत्येकी ९ फूट. दुकानदाराने साडेसोळा मीटर कापड फाडलं. पण नक्षीचा रिपीट, म्हणजे तीच नक्षी पुन्हा सुरू होईपर्यंतचं अंतर, होता २५ इंचांचा. शेजारशेजारच्या पट्ट्यांत फूल फुलाला जुळायचं तर पाच रिपीट, म्हणजे १२५ इंच, एकेका पट्ट्याला हवेत. सगळं मिळून १९ मीटरच्या आसपास. कमी पडलेलं कापड नंतर आणलं, तर नव्या ठाणातला लाल रंग जरा फिका निघाला. रिपीट किती, हे कापड फाडण्याआधी विचारायचं आणि मीटरचा आकडा शिंप्याकडूनच घ्यायचा.

नमुन्याचा तुकडा मागताना तळहाताएवढा घेऊन भागत नाही. निदान एक अख्खा रिपीट मावेल एवढा मागावा, चुण्या घालून खिडकीत टांगावा, दुपारी बघावा आणि रात्री दिवे लावूनही. छापील कापडाला मागून ऊन आलं की नक्षी फिकी दिसते आणि शिवणी उठून दिसतात. अस्तराने ते थांबतं. खिडकी पश्चिमेची असेल तर अस्तर हवंच, नाहीतर रंग लवकर उडतो. बगरू-सांगानेरचं ठशांचं सुती कापड असेल तर शिवण्याआधी धुऊन घ्यावं. ते आटतं, आणि जमिनीला टेकणारा पडदा घोट्यावर येतो.

त्या जोडप्याने मोठी फुलं उसवून बेडरूमच्या छोट्या खिडक्यांसाठी रोमन ब्लाइंड शिवून घेतले. ते सपाट पडतात, त्यामुळे फूल अख्खं दिसतं. हॉलमध्ये आता बारीक बुट्टीचे पडदे आहेत, अस्तर लावलेले.