जोडलेली कंडरा चिकटू नये म्हणून

शहापूरहून मुरबाडकडे जाताना भातसा नदीकाठी सापगाव लागते. दिवाळीच्या सुमारास या भागात भातकापणी चालते. कापणारा मूठभर भात डाव्या हातात धरतो व उजव्या हातातील विळा स्वतःकडे ओढतो. विळा घसरला तर तो डाव्या बोटांवर बसतो. जखम लहान दिसते. पण बोटाचे टोक वाकेनासे झाले, तर आतली कंडरा तुटली असण्याचा संभव असतो.

कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी चिवट दोरी. बोटांत वाकवणारे मोठे स्नायू नसतातच. ते कोपराखाली असतात. डाव्या हाताची बोटे उजव्या मनगटाच्या आतल्या बाजूस टेकवा आणि उजवी मूठ उघडझाप करा. या दोऱ्या सरकताना जाणवतील. सायकलच्या ब्रेकची तार जशी नळीतून सरकते, तशी कंडरा बोटातील ओलसर आवरणातून सरकते.

तुटलेली कंडरा टाके घालून जोडता येते. खरी अडचण पुढेच असते. जखम भरताना शरीर कोलॅजेन नावाचे तंतू तयार करते. हे तंतू कंडरेची टोके जोडतात, तसेच कंडरेला आवरणाशीही जखडतात. नळीत गंजून बसलेल्या तारेसारखी तिची गत होते. बोट हलवले नाही तर ते आखडते. जोराने हलवले तर टाका तुटतो. मग करावे काय?

पूर्वी असा हात सुमारे ३ आठवडे पूर्ण स्थिर ठेवीत. १९७५ मध्ये ड्यूरान आणि हाउझर यांनी दाखवले, की कंडरा ३ ते ५ मिलिमीटर सरकत राहिली तरी ती घट्ट चिकटण्याचे टळते. एवढे सरकण्यास बोट किती वाकवावे? येथे आपले गणित उपयोगी पडते. कंडरा सांध्याभोवती कप्पीवरच्या दोरीसारखी वळते, म्हणून

सरकलेले अंतर = त्रिज्या × कोन (रेडियनमध्ये)

शेवटच्या सांध्याशी त्रिज्या ५ मिलिमीटर धरू. सांधा ४०° वळला, म्हणजे सुमारे ०.७ रेडियन. अंतर आले ५ × ०.७ = ३.५ मिलिमीटर. म्हणजे थोडी हालचालही पुरते!

यासाठी हाताच्या मागील बाजूस आधारपट्टी बांधतात. तिच्यामुळे बोट वाकू शकते, पण पूर्ण ताठ होऊन टाक्यावर ताण देत नाही. शस्त्रक्रियेनंतर काही दिवसांतच, रुग्णाने स्वतः जोर न लावता, दुसऱ्या हाताने बोट हलक्याने वाकवून पट्टीपर्यंत सोडायचे, असा व्यायाम दिवसातून अनेकदा करवितात. तो कधी सुरू करायचा आणि किती करायचा, हे मात्र शस्त्रवैद्य व व्यायामोपचारतज्ज्ञच ठरवतात. जड ओझे उचलण्यास सुमारे ३ महिने थांबावे लागते.

म्हणून घरात कोणाच्या बोटाला विळा लागला, तर स्वच्छ कापडाने जखम दाबून धरा, हात उंच ठेवा आणि बोटाचे प्रत्येक पेर वाकते का ते विचारा. वाकत नसेल तर रक्त थांबले तरी इस्पितळात न्या. आणि शस्त्रक्रिया झाल्यावर पट्टी सोडून कामाला लागू देऊ नका, तसेच सांगितलेला व्यायामही चुकवू देऊ नका. पुढच्या हंगामात त्याच हाताने भाताची मूठ धरायची आहे.